जानराव टपालवाल्यांचा पासवर्ड

माझे सासरे जानराव मला आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं मी जे बोलणार आहे ते कुणाला कौतुक वाटायला नको. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली. त्यातली शेवटची तेरा वर्षं हा माणूस माझ्या घरी येऊन माझ्याकडे पाठ करून बसतो, नातीशी बोलतो, पोरीच्या हातचा चहा पितो आणि निघताना म्हणतो, "येतो मास्तर." आमच्या वऱ्हाडात जावयाला जवाईबापू म्हणतात. सुरुवातीची सात वर्षं तेही म्हणायचे. मग एक दिवस मी मास्तर झालो आणि मास्तरच राहिलो.

मी मास्तर आहेच म्हणा. अमरावतीत शेगाव नाक्याजवळ माझा कॉम्प्युटर क्लास आहे. अर्धं शहर माझ्याकडे माऊस धरायला शिकलं असं मी सांगतो, आणि कुणी अजून ते खोडून काढलेलं नाही.

जानराव रिद्धपूरचे. घराणं महानुभाव, भेटलं की 'दंडवत प्रणाम' म्हणणारं. लहानपणी आई गेल्यावर त्यांना चार-पाच वर्षं मठात ठेवलं होतं. तिथं जुन्या पोथ्या उतरवून काढायचं काम त्यांनी केलं आणि त्या नादात सकळ लिपी शिकले. ही लिपी म्हणजे महानुभावांची जुनी कुलूपबंद लिपी. एका अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर लिहायचं, म्हणजे पोथी परक्याच्या हाती लागली तरी त्याला ती वाचता येत नाही. आता ती वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यातला एक नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला.

पुढं त्यांनी रिद्धपूर आणि भोवतालच्या चार खेड्यांत एक्केचाळीस वर्षं सायकलवर टपाल वाटलं. टपालवाला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हसरा, घराघरांत चहा पिणारा माणूस येतो. हे तसले नव्हते. पत्र ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात द्यायचं, एवढं एकच त्यांना कळत होतं. पोस्टकार्ड उघडंच असतं, तरी मजकुरावर अंगठा ठेवून द्यायचे. एखाद्या म्हातारीनं वाचून दाखवा म्हटलं तर दाखवायचे, पण आधी अंगणातल्या सगळ्यांना हाकलून. भाऊ घरी आहे, बाप घरी आहे, असं काही चालायचं नाही. बाईच्या नावाचं पत्र असेल तर ती वावरात असो की विहिरीवर, हे सायकल घेऊन तिथं जाणार. देवमन नावाच्या एका गड्यानं बायकोचं पत्र हिसकायला म्हणून यांना रस्त्यात पाडून मारलं होतं. समोरचा दात पडला. पत्र दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तोंड सुजलेलं घेऊन वावरात गेले आणि त्या बाईच्या हातात ठेवून आले. ही गोष्ट माझी बायको प्रणिता फार अभिमानानं सांगते. मला ती ऐकताना नेहमी त्या देवमनविषयी थोडी आपुलकी वाटत आली आहे.

दोन हजार अकरा साली पोस्टात कॉम्प्युटर येणार अशी हूल उठली आणि हे महाराज माझ्या क्लासात येऊन बसले. बासष्टाव्या वर्षी, पहिल्या बाकावर; खेड्यातल्या टपालवाल्याला पासष्टपर्यंत नोकरी असते. पहिले काही दिवस गप्प होते. पासवर्डचा धडा आला तेव्हा वही काढली. मी पुस्तकात होतं तसं घडाघडा सांगितलं. एक लांब वाक्य घ्या. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर इंग्रजीत लिहा, त्यातलं पहिलं मोठं. मग एखादं चिन्ह, मग एखादं साल. वाक्य असं पाहिजे की जन्मात विसरणार नाही. प्रत्येक खात्याला वेगळं, आणि ते कुणालाही सांगायचं नाही, सख्ख्या माणसालासुद्धा.

जानरावांनी हात वर केला. "जवाईबापू, वाक्य आनंदाचं घ्यावं का रागाचं?"

पोरं हसली. मी म्हटलं, कोणतंही घ्या.

त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "आनंदाचं मानूस विसरते. म्या रागाचं घेतो."

माझ्या क्लासाच्या इतिहासात तो धडा खऱ्या अर्थानं शिकलेला हा एकच विद्यार्थी. बाकीचे सगळे, मी धरून, जसे होतो तसेच राहिलो. जानरावांनी मात्र गॅसच्या बुकिंगपासून निवृत्तीच्या पैशांच्या कागदापर्यंत, जिथं जिथं खातं उघडलं तिथं तिथं वेगळं वाक्य केलं. ती वाक्यं बियाणं कंपनीनं वाटलेल्या एका तपकिरी डायरीत लिहिली, तीही सकळ लिपीत. डायरी कापडी पिशवीत, पिशवी खांद्याला. एकदा मी चांगल्या मनानं म्हटलं, तुमचं विजेचं बिल इथूनच भरून देतो, पासवर्ड सांगा. तर म्हणाले, "कावून? बिल माह्या नावचं हाय. तुमी कोन?"

आणि एवढ्यावर थांबतील तर ते जानराव कसले. चांदूर रेल्वेला एका लग्नाच्या पंगतीत, वीस माणसांच्या देखत, मला म्हणाले, "मास्तर, तुमचा पासवर्ड सांगू का? पोरीचं नाव, मंग तो ॲट, मंग एक दोन तीन." मी हसून उडवून लावलं. घरी आल्यावर गुपचूप पासवर्ड बदलला. शेवटी एक चार वाढवला. दोन वर्षांमागं माझ्या क्लासचं फेसबुकचं पान कुणीतरी पळवलं आणि त्यावर आठवडाभर मर्दानी ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिराती झळकल्या, तेव्हा हे खास रिद्धपूरहून बसनं आले, मोबाईलवर त्या जाहिराती एकेक करून पाहिल्या, आणि "येतो मास्तर" म्हणून परत गेले. एक शब्द बोलले नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांना माफ केलं असतं.

आता मी मास्तर का झालो ते सांगतो. सांगायची इच्छा नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

प्रणिता बीएस्सी, बीएड. दोन हजार बारा साली तिनं अकोल्याच्या एका निवासी शाळेत विज्ञान शिक्षिकेसाठी अर्ज केला, मुलाखत देऊन आली. शाळेनं ईमेल पाठवला की तुमची निवड झाली आहे, सात दिवसांत होकार कळवा, राहायला खोली मिळेल. तो ईमेल तिच्याआधी मी वाचला. तिचं खातं मीच उघडून दिलं होतं, पासवर्ड आमच्या लग्नाची तारीख. आकांक्षा तेव्हा पाच वर्षांची होती. अकोला शंभर किलोमीटर. ही तिकडं राहणार, शनिवारी येणार, मी इकडं पोरगी सांभाळत भाकरी थापणार, आणि लोक विचारणार की बायको कुठं असते. तिचा पगारही माझ्या कमाईपेक्षा जास्त होता. ही सगळी कारणं मी त्या वेळी मनात मांडली आणि मला ती पटली. मी तिच्याच खात्यावरून शाळेला उत्तर लिहिलं की घरगुती अडचणीमुळे मी रुजू होऊ शकत नाही, क्षमस्व. मग दोन्ही ईमेल पुसून टाकले. तीन मिनिटांचं काम. मी टाइपिंगही शिकवतो.

प्रणिता महिनाभर रोज क्लासात येऊन ईमेल उघडून पाहायची. मी शेजारच्या खुर्चीवर बसून म्हणायचो, आणखी चार दिवस वाट पाहू. मग तिनं पाहणं सोडलं आणि घरी चौथीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊ लागली.

पण शाळेचं कार्यालय जुन्या वळणाचं निघालं. 'आपला नकार मिळाला, जागा दुसऱ्या उमेदवारास देत आहोत' असं पत्र त्यांनी टपालानंही धाडलं. अर्जात कायमचा पत्ता म्हणून तिनं माहेर लिहिलं होतं. पत्र जाऊन पडलं जानरावांच्या पिशवीत. त्यांनी ते उघडलं नाही, ते मेले तरी उघडणार नाहीत. रजा टाकली, बस धरली आणि पोरीचं टपाल पोरीच्या हातात द्यायला अमरावतीला आले. प्रणिता आकांक्षाला घेऊन शाळेत गेली होती. दारात मी होतो. पाकिटावर अकोल्याच्या शाळेचा शिक्का पाहिला आणि मी हात पुढं केला. म्हटलं, द्या, आली की देतो.

जानराव घुटमळले. मला आठवतं, पाकीट त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं. पण हात पुढं केलेल्या जावयाला नाही म्हणणं आमच्याकडे कुणाच्या जिभेवर येत नाही. देवमनचा मार खाल्लेला माणूस, पण जावयाचा हात परतवणं त्याला जमलं नाही. त्यांनी पाकीट माझ्या हातात ठेवलं, आणि मी ते संध्याकाळच्या आत गॅसवर जाळलं.

महिन्याभरानं आले तेव्हा त्यांनी प्रणिताला विचारलं असावं. काय विचारलं, काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. तिनं 'कोनतं पत्र' म्हटलं असेल आणि त्यांनी विषय बदलला असेल, कारण तिनं मला कधीच काही विचारलं नाही. मी क्लासातून घरी आलो तेव्हा जानराव जिन्यात उभे होते. म्हणाले, "टपाल पोचलं नाई." "येतो मास्तर," म्हणाले आणि उतरून गेले. पोरीचा संसार मोडेल म्हणून ते गप्प राहिले, असं मी धरून चाललो. त्यांच्या गप्प बसण्यावर मी तेरा वर्षं जगलो आणि त्याबद्दल त्यांचा राग राग करत आलो.

आता या वर्षीचं. आकांक्षा बारावी झाली. माझं म्हणणं होतं की तिनं अमरावतीतच बीसीए करावं आणि संध्याकाळी क्लास सांभाळावा. तिला पाहिजे होतं अकोल्याचं कृषी विद्यापीठ. पुन्हा अकोला. मी म्हटलं, प्रवेशाचा फॉर्म मी भरतो, तू फक्त सही कर. ती सुटीला आजोबांकडं गेली आणि तिथं बसून प्रवेशाच्या पोर्टलवर खातं उघडून, कृषीचा फॉर्म भरून आली. नंबर जानरावांचा, पासवर्ड जानरावांनी केलेला आणि त्यांनीच टाइप केलेला. पोरीलासुद्धा सांगितला नाही. म्हणाले म्हणे, "तुले सांगतलं तं तुहा बाप दोन दिवसांत तुह्यापासून काढून घेईन. लागन तवा मी हाय." मला हे कळलं तेव्हा मी भिंतीवर हात आपटला. मनगट आठ दिवस दुखलं.

जुलैच्या शेवटी, यादी लागायच्या दोन दिवस आधी, जानराव अंगणात कोसळले. लकवा. वाचा गेली, उजवी बाजू गेली. माझ्या मेहुण्यानं, भगवंतनं, त्यांना अमरावतीच्या दवाखान्यात आणलं. शुद्ध येत-जात होती. आणि यादी लागली, तर आकांक्षाचं नाव अकोल्याच्या कॉलेजात. खात्यात शिरून दुसऱ्या दिवशी पाचच्या आत जागा स्वीकारायची. नाही स्वीकारली तर जागा गेली आणि पुढच्या फेऱ्यांतूनही नाव बाद.

खात्याला पासवर्ड पाहिजे. पासवर्ड विसरलो म्हटलं तर आकडा येणार जानरावांच्या मोबाईलवर. मोबाईल बंद पडलेला. चार्ज करून चालू केला तर सिमकार्डलासुद्धा त्यांनी कुलूप घातलेलं. मी म्हटलं, दे इकडं. एक दोन तीन चार टाकून पाहिलं. त्यांचं जन्मसाल टाकलं. आकांक्षाचं जन्मसाल टाकलं. तीन चुका झाल्या आणि सिम पुरतं बंद झालं. कंपनीवाला म्हणाला, ज्यांच्या नावाचं सिम आहे त्यांना घेऊन या. पोर्टलच्या मदतीच्या नंबरवर तासभर नुसती धून वाजत होती.

मी खोटं बोलणार नाही. त्या संध्याकाळी मला आतून बरं वाटलं होतं. जागा आपोआप जाईल, माझ्या हाताला डाग नाही. मी पोरीला समजावणीच्या सुरात म्हटलं, "जाऊ दे बेटा, बीसीए काई वाईट नाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "पप्पा, सिम तुमी मुद्दाम लॉक केलं का?"

"मी? कावून करीन?"

"तुमी कॉम्प्युटर शिकवता. तीनदा चुकलं की लॉक होते हे मले माहीत हाय, तुमाले नाई?"

देवाशपथ सांगतो, मला खरंच लक्षात राहिलं नव्हतं. पण तिचा विश्वास बसला नाही, प्रणिताचाही बसला नाही, आणि माझं डोकं फिरलं. जे केलं नाही त्याचा आळ मी का घेऊ? मी ठरवलं, पासवर्ड मिळवून देतोच. म्हणजे यांची तोंडं बंद होतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेलो. आकांक्षा आजोबांच्या कानाशी वाकून म्हणाली, "आबाजी, जागा लागली. अकोला." त्यांचा डावा डोळा ओलावला. मग त्यांनी डोळे फिरवले ते खिळ्याला टांगलेल्या कापडी पिशवीकडं. तिनं पिशवी काढली, डायरी काढली, त्यांच्यासमोर धरली. त्यांनी पापणी मिटून उघडली. मी पुढं होऊन विचारलं, "कोनतं पान?" तर म्हाताऱ्यानं डोळे घट्ट मिटून घेतले आणि मी खोलीबाहेर जाईपर्यंत उघडले नाहीत.

डायरी उघडली तर सगळी सकळ लिपी. घरात कुणाला एक अक्षर वाचता येईना. प्रणिता म्हणाली, मठात कौशल्याआई आहेत, बाबांना त्यांच्याच गुरूंनी शिकवलं होतं. भगवंतला दवाखान्यात बसवलं आणि आम्ही तिघं माझ्या जुन्या गाडीतून रिद्धपूरला निघालो. वाटेत संत्र्याच्या बागा, वर आभाळ. आकांक्षाच्या खांद्याला आजोबांची पिशवी, मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर डायरी, डायरीवर दोन्ही हात. मी गाडी दामटत होतो आणि मनात म्हणत होतो, आज या म्हाताऱ्याचं कुलूप मीच उघडून दाखवतो.

कौशल्याआई ऐंशीच्या पुढच्या तपस्विनी. ओसरीवर चटईवर बसल्या होत्या. दंडवत झाला. डायरी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि हसल्या. "जानरावचं अक्षर. अजून तसंच हाय, वाकडं." मग हसणं थांबवून विचारलं, "हे दुसऱ्याचं लिहेल हाय. म्या कोनासाठी वाचू?"

"खातं माझं हाय आई," आकांक्षा म्हणाली. "आबाजीनं डोळ्यानं हो म्हटलं."

"मंग तुह्या नावाचं पान तेवढं वाचीन. बाकीचं नाई."

त्यांनी एकेक पान उलटलं. शेवटून दुसऱ्या पानावर थांबल्या, वर आकांक्षाचं नाव होतं म्हणे. बाकीचा मजकूर त्यांनी तळहातानं झाकला. साडेतीन वाजले होते. आकांक्षानं मोबाईलवरून लॅपटॉपला इंटरनेट जोडलं, पोर्टल उघडलं, आणि बोटं तयार ठेवली. आबाजींची रीत तिला पाठ होती. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर. तिनं सांगितलं, "आई, एकेक शब्द सांगा. हळू."

माझी पक्की खात्री होती की वाक्य माझ्यावरच असणार. गाढव, चोर, नालायक, असलं काही. मी त्याची तयारी करून बसलो होतो. म्हातारा डोक्यानं गेलेला आहे, असं म्हणून हसायचं ठरवलं होतं.

"म्या," कौशल्याआई म्हणाल्या. आकांक्षानं मोठा एम दाबला.

"प्रनिताचं." पी. प्रणितानं मान वर केली.

"टपाल." टी.

डायरी ओढून घ्यावी असं वाटलं. खरंच वाटलं. पण त्या म्हातारीचा तळहात त्या पानावर होता.

"तिच्या." टी.

"नवऱ्याच्या." एन.

"हाती." एच.

"देल्लं." डी. आकांक्षाचं लक्ष फक्त अक्षरांवर होतं, अर्थ तिच्या कानावरून जात होता. प्रणिताचं लक्ष माझ्यावर होतं.

"तिले. भेटलं. नाई." टी, बी, एन. "मंग ते गोल चिन्ह. मंग दोन हजार बारा."

कौशल्याआईंनी डायरी मिटली. आकांक्षानं बटण दाबलं आणि खातं उघडलं.

वाक्यात मला शिवी नव्हती. माझं नावसुद्धा नव्हतं. तेरा वर्षं मी समजत होतो की हा माणूस माझ्यावर जळतो. त्याचा राग होता तो स्वतःवर. एक्केचाळीस वर्षांत एकच पत्र त्यानं चुकीच्या हातात दिलं होतं, तेही स्वतःच्या पोरीचं, आणि नातीच्या खात्याला लावायला त्याला त्याहून पक्कं वाक्य सापडलं नव्हतं. मला वाटतं, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

आकांक्षानं जागा स्वीकारली. पावती उतरवून घेतली. "झालं," म्हणाली आणि आमच्याकडं पाहिलं, आणि मग तिलाही कळलं की काहीतरी झालंय.

"कोनतं टपाल?" प्रणितानं विचारलं.

मी म्हटलं, घरी बोलू.

"कोनतं टपाल?"

"अकोल्याच्या शाळेचं," मी म्हणालो.

"त्यायनं बलावलं होतं मले?"

"हो."

"मंग मी कावून नाई गेली?"

ओसरीवर चौघं होतो. कौशल्याआई डायरी कापडी पिशवीत घालत होत्या. 

"तू नाई म्हटलं होतं," मी म्हणालो. "तुह्या ईमेलवरून."

"मी?"

"म्या लिहिलं होतं. तुह्या नावानं."

ती रडली नाही, ओरडली नाही. तसं केलं असतं तर मला काही करता आलं असतं. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. बहुतेक वर्षं. मग हळूच म्हणाली, "म्हंजे मी पास झाली होती." दोनदा म्हणाली. दुसऱ्या वेळी तिच्या आवाजात आनंद होता, आणि तो ऐकवत नव्हता.

आकांक्षानं लॅपटॉप पुन्हा जवळ ओढला. खात्यातला मोबाईल नंबर काढला आणि तिथं प्रणिताचा टाकला. पासवर्ड बदला, या ओळीवर जाऊन थांबली.

"आई, इकडं येऊन बस," ती म्हणाली. प्रणिता उठून तिच्या शेजारी जाऊन बसली.

मग तिनं माझ्याकडं पाहिलं. आवाज चढवला नाही.

"पप्पा, तिकडं पाहा."

दुसरा माणूस पासवर्ड टाइप करत असताना आपण तोंड फिरवायचं असतं. वीस वर्षांत हे मी हजारो पोरांना शिकवलं असेल. मी मठाच्या भिंतीकडं तोंड केलं. मागं दोघींचं बोलणं चाललं होतं, कोणतं वाक्य घ्यायचं ते, आणि त्या मुद्दाम हळू बोलत होत्या.